अंधार लाव ना!

मूल धावता धावता पडलं आणि त्याने भोकाड पसरलं, की आपल्याकडे घरातलं मोठं माणूस आधी जमिनीला चापट मारतं. ‘हत् गं जमिनी, माझ्या सोन्याला पाडतेस होय?’ मूल हुंदके देत बघतं, मग स्वतःही दोन चापट्या मारून घेतं आणि न्याय झाल्याच्या समाधानात उठतं. टेबलाचा कोपरा लागला तर टेबलाला मार, दारात बोट चेमटलं तर दाराला. हेच मूल तीन वर्षांचं झाल्यावर म्हणतं, ‘खुर्ची आज रुसलीय’, तेव्हा आपण कौतुकाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटतो की बघा हो, काय ही कल्पनाशक्ती!

झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं, मुलांच्या मनातलं जग कसं असतं यावरचं पुस्तक १९२६ साली आलं. सूर्य, ढग, वारा मुलांना जिवंत वाटतात, चंद्र आपल्या मागोमाग चालतो अशी त्यांची खात्री असते, हे त्याने मुलांशी गप्पा मारमारून नोंदवलं. पियाजेची मुलं युरोपातली होती आणि हे सगळं त्यांनी आपापल्या डोक्याने रचलेलं असेलही. आपल्या मुलांना मात्र तेवढे कष्ट पडत नाहीत. त्यांच्या आधीच चंद्राला मामा करून ठेवलेलं असतं. चिमणी ताई असते, मांजर वाघाची मावशी असते. अंगणातल्या तुळशीचं दर कार्तिकात लग्न लागतं आणि बाप्पा दहा दिवस राहून गावाला जातात. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला जेवायचं रीतसर आवतण देतात. अशा घरात वाढणाऱ्या मुलाने ‘चंद्र अर्धा कुणी खाल्ला?’ असं विचारलं तर त्यात नवल ते काय? त्याने घरच्या रिवाजाप्रमाणे चौकशी केली एवढंच.

म्हणून ‘प्रत्येक मूल कवी असतं’ हे वाक्य ऐकलं की मला थोडं अवघडायला होतं. मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. तिथे अलंकार शिकवताना मुलांचा हमखास गोंधळ उडायचा तो रूपक आणि भ्रांतिमान यांच्यात. रूपकात मुख हे मुख आहे आणि कमळ हे कमळ आहे हे माहीत असूनही दोन्ही एकच मानायची. भ्रांतिमानात मात्र खरोखर फसायचं, दोरीला साप समजून दचकायचं. ओळी दोन्हीकडे सारख्याच दिसतात. फरक बोलणाऱ्याच्या मनात असतो, आणि मन प्रश्नपत्रिकेत छापून येत नाही. लहान मुलाच्या बोलण्यापुढे हीच पंचाईत होते. दीड वर्षाचं बाळ पिठाच्या गोळ्याला ‘बॉल’ म्हणतं तेव्हा तो अलंकार असतो की शब्दांची टंचाई? त्याच्या पोतडीत गोल वस्तूसाठी एकच शब्द आहे, आणि तो त्याने वापरला. यात काव्य आपण बघतो, कारण गोळा आणि बॉल वेगळे आहेत हे आपल्याला माहीत असतं.

यातून सुटायची एक सोपी खूण आहे. मुलाला त्या वस्तूचं खरं नाव आधीपासून येत असेल, आणि तरी त्याने दुसरं नाव दिलं, तर ते रूपक. अमेरिकेत रॉजर ब्राऊन या मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात तीन मुलांचं घरगुती बोलणं नियमाने ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यातल्या एकाला त्याने अ‍ॅडम हे टोपणनाव दिलं. एलन विनर या संशोधिकेने पुढे १९७९ साली या अ‍ॅडमच्या बोलण्यातली अशी उसनी नावं वेचून तपासली. वरवर चुका वाटणारे पुष्कळसे शब्द चुका नव्हतेच, कारण खरं नाव त्याला ठाऊक होतं. त्यातही सुरुवातीची रूपकं हातातून निघालेली होती, म्हणजे वस्तूशी खेळता खेळता ती दुसरीच होऊन जायची. दिसण्यातलं साम्य हेरून केलेली रूपकं मागाहून वाढत गेली.

हे वाचलं आणि मला नातीचं पोळपाटाशेजारचं बसणं आठवलं. तिने लिंबू पिळायचं यंत्र हातात घेतलं, फरशीवर पोटावर झोपवलं, त्याचे दोन्ही दांडे उघडमीट केले आणि म्हणाली, ‘मगर. बोट नको घालू.’ त्यात अजून लिंबाची बी अडकलेली होती. तो तिचा दात. पुढे काही महिन्यांनी ती नुसती बघून बोलायला लागली. तव्यावरून काढलेला फुलका टम्म फुगला तसा म्हणाली, ‘पोळी रुसली.’ आणि हे म्हणताना तिने पोळीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. ती नजर फार महत्त्वाची आहे. मला कळलंय की नाही, मी हसते की नाही, हे ती तपासत होती. फसलेलं माणूस असं समोरच्याकडे बघत नाही. दोरीला साप समजणारा ओरडतो आणि पळतो.

रशियन लेखक कर्नेई चुकोव्हस्की याने मुलांच्या बोलण्याचा असाच संग्रह केला होता. १९२८ साली आलेलं त्याचं ते पुस्तक पुढे ‘दोन ते पाच’ या नावाने ओळखलं गेलं आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. त्या काळी तिथल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी परीकथा आणि उलटसुलट गाण्यांवर आक्षेप घेतला होता की त्यामुळे मुलांना जगाचं खोटं ज्ञान होतं. चुकोव्हस्कीचं उत्तर मला फार पटतं. घोड्यावर माणूस बसतो हे पक्कं ठाऊक झाल्यावरच माणसावर घोडा बसवण्यात मुलाला मजा येते. उलटं करायला आधी सुलट यावं लागतं. नातीच्या त्या नजरेत हेच होतं.

पण सगळं बोलणं असं नजर टाकून केलेलं नसतं, आणि मला खरं कुतूहल त्या दुसऱ्या प्रकाराचं आहे. भर दुपारी नातीला लपाछपी खेळायची होती. ती दिव्याच्या बटणाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आजी, अंधार लाव ना!’ इथे विनोद नव्हता. तिला अंधार हवा होता, दिवा लावतात तसा. माझ्या दृष्टीने अंधार म्हणजे उजेड नसणं. तिच्या दृष्टीने तीही एक वस्तूच, आणि घरात ती असणारच, कारण रात्री असते. मराठीत आपण दिवा लावतो, पंखा लावतो, दार लावतो, कुंकू लावतो, नाट लावतो, वेळसुद्धा लावतो. एवढं सगळं लावणाऱ्या घरात अंधारालाच कुठे बंदी?

काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या तीन अटी घातल्या. आधी शब्दाचा मुख्य अर्थ अडला पाहिजे. मग ज्या अर्थाकडे जायचं त्याच्याशी पहिल्याचा काही संबंध पाहिजे. आणि तसं बोलण्यामागे एक तर रूढी पाहिजे, नाहीतर हेतू. त्याचं ठरलेलं उदाहरण गंगेवरच्या गवळीवाड्याचं. वाहत्या पाण्यावर वाडा कसा असेल, अशी अडचण आली की आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो. हेच उदाहरण तीन वर्षांच्या मुलाला देऊन बघा. त्याला अडचणच येणार नाही. गंगेवर वाडा का नसावा? होडी असते की! मम्मटाची पहिलीच अट इथे लटकी पडते. जगात काय असू शकतं आणि काय नाही याची यादी ज्याची अजून पूर्ण व्हायची आहे, त्याचा मुख्य अर्थ अडणार तरी कशावर? म्हणजे मुलाला वाच्यार्थ ओलांडायचा नसतो. त्याचा वाच्यार्थच ऐसपैस असतो. आपला आक्रसलेला असतो, म्हणून आपल्याला ते अलंकार वाटतात.

याचा व्यवहारातला पुरावा हवा असेल तर मोठ्यांचे वाक्प्रचार मुलांवर टाकून बघावेत. ‘माझं डोकं खाऊ नकोस’ म्हटल्यावर ‘मी चावलोपण नाही’ असं डोळ्यांत पाणी आणून सांगणारा मुलगा मी पाहिला आहे. भाच्याच्या मुलासमोर कुणीतरी ‘पायाला मुंग्या आल्या’ म्हणालं, तर त्याने आपली चड्डी झटकली. पुढे एकदा मांडी घालून बसल्यामुळे त्याच्याच पायाला मुंग्या आल्या. तेव्हा त्याने हा शब्द वापरला नाही. तो लंगडत आला आणि म्हणाला, ‘पायात गोटीसोडा फुटला.’ जत्रेत प्यायलेला गोटीसोडा होता तो. गोटी आत दाबल्यावर जे फसफसून वर येतं, नाकात झिणझिणतं, ते त्याला पोटरीत सापडलं होतं. मुंग्यांपेक्षा हे मला जास्त अचूक वाटलं. मुंग्या एकेक चालतात. सोडा एकदम सगळीकडून येतो.

शरीराच्या आतलं सांगायची वेळ आली की मुलाकडे दुसरा इलाजच नसतो. बाहेरच्या वस्तू आपण बोट दाखवून शिकवतो; ही गाय, ही पाटी, हा निळा रंग. आत बोट दाखवता येत नाही. ‘पोट दुखतंय’ एवढं मूल लवकर शिकतं, कारण त्याने शाळा बुडते. पण ‘कसं दुखतंय?’ या प्रश्नाला सगळा धीर लागतो. एकदा नातीचं पोट दुखत होतं. तिने डॉक्टरांना सांगितलं, ‘आत कपडे पिळतायत.’ आम्ही मोठी माणसं हसू आवरत होतो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘पिळून झाल्यावर थांबतं का?’ ‘थांबतं. मग दुसरा कपडा घेतात.’ येऊन येऊन जाणारी कळ आहे, हे त्यांना एवढ्यात समजलं. कपडे कोण पिळतंय, कोणते पिळतंय, असल्या चौकशा त्यांनी केल्या नाहीत, म्हणून मला ते डॉक्टर आवडतात.

आणि मोठ्यांकडे तरी वेगळं काय आहे? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक याने १९७५ साली वेदना मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द आहेत, वीस गटांत लावलेले, आणि रुग्णाने त्यातून आपले निवडायचे. भोसकणारी, जाळणारी, कुरतडणारी, अशी ती यादी. भोसकल्याचा अनुभव नसलेली माणसंही दुखणं भोसकल्यासारखं आहे म्हणून सांगतात आणि वैद्यकशास्त्र ते लिहून घेतं. मराठीत तर आपण या बाबतीत गर्भश्रीमंत आहोत. दात ठणकतो, गळू ठुसठुसतं, डोळे चुरचुरतात, छातीत जळजळतं, पाठीत उसण भरते, गुडघ्यात चमक निघते, पोटात गोळा येतो. यातली चमक आभाळातून आणलेली आहे आणि गोळा कुठून आणला देव जाणे. हे सगळं कुणी तरी कधी तरी पहिल्यांदा, दुखत असताना, दुसरा शब्द नाही म्हणून उच्चारलं असणार. माझा अंदाज आहे की त्यातली बरीच माणसं सहा वर्षांच्या आतली असावीत. सिद्ध करता येणार नाही.

आता एक तक्रार सारखी कानावर येते. मुलांच्या बोलण्यातून फुलं-पाखरं गेली आणि मोबाईल आला म्हणे. खरं आहे. नात गोष्ट ऐकताना उठते आणि म्हणते, ‘आजी, पॉज कर, मी शू करून येते.’ पेपर मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसलेल्या नवऱ्याकडे पाहून तिने मला हळूच सांगितलं, ‘आजोबा हँग झालेत.’ जूनमध्ये आभाळ भरून येऊन तासभर तसंच थांबलं, तर ‘पाऊस लोड होतोय’. मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही. आपल्या पूर्वजांनी आयुष्याला रहाटगाडगं म्हटलं, राबणाऱ्या माणसाला घाण्याचा बैल म्हटलं, बडबड करणाऱ्याच्या तोंडाचा पट्टा केला. घाणा आणि रहाट ही त्यांच्या वेळची यंत्रंच होती, आणि पट्टा हे त्यांच्या वेळचं हत्यार. ज्या यंत्राशेजारी दिवस जातो त्याचीच उपमा सुचणार. प्रश्न यंत्र की फूल हा नाही. मुलाने समोरच्या गोष्टीकडे बघितलं का, हा आहे. भरून आलेल्या आणि न पडणाऱ्या आभाळाकडे निरखून बघितल्याशिवाय ‘लोड होतोय’ सुचत नाही. उलट ‘माझी बॅटरी संपली’ हे आता चिल्लर झालंय. ते मूल आपल्याकडून उचलतं, आपण जाहिरातीतून उचलतो, आणि कुणीच कुठे बघितलेलं नसतं.

खरं नुकसान दुसरीकडून होतं. मुलाने काही तरी छान म्हटलं की आपण लगेच ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो. संध्याकाळी पाहुणे आले की ‘काकांना सांग बरं, दुपारी पोळीला काय म्हणालीस?’ मूल चुळबुळत उभं राहतं आणि पाठ केल्यासारखं सांगतं. पाहुणे ‘अरे वा’ म्हणतात. पोळी समोर नाही, ती फुगलेली नाही, कुणाकडे चोरून बघायचं नाही. दोन-चार वेळा असं झालं की चलाख मूल मागणीप्रमाणे पुरवठा करायला लागतं आणि ते बोलणं ऐकवत नाही. जाहिरातीतल्या मुलांसारखं गोड.

सातव्या-आठव्या वर्षी सगळं बदलतं. ज्या नातीने चंद्र कुणी खाल्ला म्हणून विचारलं होतं, तीच मला ऐकवते, ‘आजी, चंद्र उपग्रह आहे. आणि आईला भाऊच नाही, तर मामा कसा?’ हे नियमांचं वय. खेळातसुद्धा अर्धा वेळ नियम ठरवण्यात जातो. हार्वर्डमधल्या हॉवर्ड गार्डनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली वेगवेगळ्या वयाच्या मुलांना अपुऱ्या उपमा पुऱ्या करायला दिल्या होत्या. तीन-चार वर्षांच्यांनी नवीन उपमांचा पाऊस पाडला, त्यातल्या पुष्कळ फसलेल्याही होत्या. शाळेत जाणारी मात्र सरळ, रुळलेल्या उपमांवर येऊन थांबली. याला पुढे वाच्यार्थाचा टप्पा असं नाव पडलं. त्याआधी १९६० साली सॉलोमन अ‍ॅश आणि हॅरिएट नर्लव्ह यांनी गोड, कठीण, थंड, वाकडा असे वस्तूंनाही लागणारे आणि माणसांनाही लागणारे शब्द घेऊन मुलांना प्रश्न विचारले होते. सगळ्यात लहान मुलांना हे शब्द फक्त वस्तूंचे म्हणून ठाऊक होते. गोड माणूस ही गोष्ट त्यांना मान्यच नव्हती. थोडी मोठी मुलं माणसांनाही ते शब्द लावू लागली, पण दोन्हींत नातं काय ते त्यांना सांगता येईना. ते सांगणं आणखी पुढच्या वयात आलं. आपल्याकडचा ‘कडक’ घ्या. पहिलीतलं पोर ‘नव्या बाई कडक आहेत’ हे ऐकून बाईंच्या दंडाकडे बघतं. तिसरीत ते स्वतःच घरी येऊन सांगतं. बाई आणि कालची भाकरी दोघींना एकच शब्द का, हे विचारलं तर खांदे उडवतं.

या प्रयोगांबद्दल मला आदर आहे, पण शिक्षिका म्हणून एक शंकाही आहे. ही सगळी मुलं कुणा मोठ्या माणसासमोर, खुर्चीत बसून उत्तरं देत होती. आठ ते बारा या वयातलं मूल मोठ्या माणसासमोर बरोबर उत्तर देतं. त्याचं खरं बोलणं ऐकायचं तर मधल्या सुट्टीत नळाशी उभं राहावं, पाठ करून. या वयात मुलं कोड्यांच्या मागे लागतात, आणि कोडं म्हणजे झाकण लावलेलं रूपकच. मक्याचं कणीस दाढीवाला म्हातारा होतं, नारळाच्या आत विहीर सापडते. आणि कोड्यांच्याही वर असतात टोपणनावं. वाच्यार्थाच्या टप्प्यात अडकलेली म्हणतात तीच मुलं टोपणनावं ठेवण्यात अशी काही धार दाखवतात की वर्षानुवर्षं ती नावं पुसली जात नाहीत. क्रूर असतात, हेही खरं. जाड मुलीला, तिरळ्या मुलाला काय काय ऐकावं लागतं ते मी इथे लिहिणार नाही. पण एकाच शब्दात माणूस पकडण्याची ती ताकद नाकारता येत नाही. फक्त ती आता पोळीवरून उठून माणसांवर बसलेली असते, आणि मोठ्यांच्या कानांपासून जपलेली असते. मोठ्यांना ती दिसत नाही, म्हणून ती गेली असं आपण धरून चालतो.

दहावीच्या वर्गात मी अलंकार शिकवायला घेई तेव्हा हीच मुलं मोठी होऊन समोर असत. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, साधर्म्य कशात. एका मुलाला ते काही केल्या जमत नसे. उपमेयाच्या जागी उपमान लिहायचा आणि एक गुण जायचा. ऊस आणि द्राक्षांच्या पट्ट्यातली शाळा, घरोघर शेती. आमच्याकडे तेव्हा विज्ञानाला दोन सर होते. एक अगदी सावकाश, थेंबाथेंबाने बोलणारे, एका वाक्यानंतर दुसरं येईपर्यंत वर्ग डुलक्या घ्यायचा. दुसरे तावातावाने बोलायचे आणि पहिल्या बाकावरच्यांना रुमाल काढावा लागायचा. त्या मुलाने पहिल्यांना ‘ठिबक’ आणि दुसऱ्यांना ‘तुषार’ अशी नावं ठेवली. मला हे कळलं ते शिक्षकखोलीत. ‘ठिबक’ सर स्वतःच ‘तुषार’ सरांना सांगत होते, एकेक शब्द सावकाश, आणि दोघंही हसत होते.